कॅरव्हॅनमधला गॅस अलार्म पहाटे वाजतो, पण वास येत नाही. काय करावं?

रानवाट

नमस्कार मंडळी. आम्ही वापरलेली कॅरव्हॅन घेतली आहे. शेगडी, फ्रिज, हीटर सगळं प्रोपेनवर चालतं. फ्रिजखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर गॅसचा अलार्म आहे. अलीकडे तो पहाटे वाजायला लागलाय. लाल दिवा लागतो आणि कान फाटतील असा सलग ओरडतो. आम्ही तिघंही दचकून उठतो, दार उघडतो, आणि थोड्या वेळात तो आपोआप गप्प होतो. वास म्हणाल तर अजिबात नाही. टेस्टचं बटण दाबलं की व्यवस्थित वाजतो, म्हणजे यंत्र चांगलं असावं.

एक गोष्ट लक्षात आली आहे. जिथे बाहेरून विजेची सोय असते तिथे तो वाजत नाही. तिथे फ्रिज विजेवर असतो, हीटरही विजेचाच लावतो आणि सिलिंडर बंद ठेवतो.

माझे बाबा आमच्यासोबत असतात. त्यांना आजारपणानंतर वास येत नाही आणि झोपतात ते नेमके फ्रिजसमोरच्या खालच्या बाकावर. नवऱ्याचं म्हणणं, रोजची झोपमोड नको, फ्यूज काढून टाकू. मला ते पटत नाही, पण ठासून नाही म्हणायला माझ्याकडे कारणही नाही. शिवाय येता-जाता पाय लागतो म्हणून तो वर, धुराच्या अलार्मशेजारी हलवायचाही विचार चाललाय. आणि गाडी चालू असताना फ्रिज गॅसवर ठेवला तर चालतो का?

मुक्कामपोस्ट

बॅटरी तपासा आधी. रात्रभर दिवे, पंप, पंखा चालतो, पहाटेपर्यंत व्होल्टेज उतरतं आणि मग हे अलार्म कुरकुर करतात. वीज जोडलेली असताना वाजत नाही असं तुम्हीच म्हणताय, कारण तेव्हा चार्जर चालू असतो. वास नाही म्हणजे गॅस नाही. वर हलवायला हरकत नसावी, आमच्या ओळखीत एकांनी कपाटावर लावलाय.

निळीज्योत

ताई, फ्यूज काढू नका. आणि ही पोस्ट वाचून होईपर्यंत सिलिंडर उघडा असेल तर बाहेर जाऊन आधी तो बंद करून या.

माझं काम कॅरव्हॅन आणि मोटरहोमच्या गॅस लाइन तपासण्याचं आहे. तुमच्या वर्णनात दोन गोष्टी मला स्वस्थ बसू देत नाहीत. पहिली, लाल दिवा आणि सलग आवाज. बॅटरी उतरली किंवा यंत्राचं आयुष्य संपलं की बहुतेक अलार्म थांबून थांबून एखादी चिवचिव करतात, दिव्याचा रंगही वेगळा असतो. नेमका कोणता इशारा कशाचा हे तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असेल, ते नक्की पाहा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: दार उघडल्यावर तो गप्प होतो. दार उघडल्याने बॅटरीचं व्होल्टेज वाढत नाही. आतली हवा बदलली म्हणून तो थांबला, याचा अर्थ त्या हवेत त्याला खरोखर काहीतरी सापडत होतं. मुक्कामपोस्ट यांनी वीज जोडण्याचा मुद्दा बरोबर पकडला, पण त्याच मुक्कामांत सिलिंडरही बंद असतो हे विसरून चालणार नाही.

आता वासाबद्दल. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. प्रोपेन पेट घ्यायला हवेत त्याचं प्रमाण किमान २.१ टक्के लागतं, वरची मर्यादा साधारण ९.५ टक्के. वास असा ठेवलेला असतो की त्या खालच्या मर्यादेच्या एक पंचमांशाला, म्हणजे ०.४ टक्क्यांच्या आसपास तो नाकाला कळावा. दुसरीकडे यूएल १४८४ या अमेरिकी मानकानुसार अलार्मने खालच्या मर्यादेच्या २५ टक्क्यांच्या आत वाजलं पाहिजे, म्हणजे ०.५ टक्क्यांच्या आत. हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आहेत. फरक जागेचा आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, तो जमिनीवर पसरतो. अलार्म जमिनीलगत आहे आणि तुमचं नाक उभं राहिल्यावर दीड मीटरवर. त्यातून झोपेत वासाने जाग येईलच असं नाही, आणि बराच वेळ त्याच वासात असलं की नाक तो वास घ्यायचं सोडून देतं. नव्या किंवा आतून गंजलेल्या पोलादी सिलिंडरमध्ये हा वास फिकाही पडू शकतो. बाबांचं तर तुम्ही सांगितलंच आहे. ते ज्या बाकावर झोपतात तिथे तो अलार्म हेच त्यांचं नाक आहे.

किती गॅस लागतो याचा एक हिशोब सांगतो, म्हणजे मी एवढा का आग्रह धरतोय ते कळेल. समजा आतली मोकळी जमीन दोन मीटर बाय पाच मीटर आहे. तळाचा २० सेंटीमीटरचा थर म्हणजे २ घनमीटर हवा. तेवढ्या हवेत २.१ टक्के प्रोपेन म्हणजे ४२ लिटर वायू. वजनात तो फक्त ८० ग्रॅमच्या आसपास भरतो. प्रत्यक्षात तो असा सरळ थरात बसत नाही, काही वर मिसळतो, काही फटींतून बाहेर जातो. पण सिलिंडर हातात उचलून बघितला तर जो फरक कळणारही नाही, तेवढा गॅस जमिनीलगतची हवा पेट घेण्याजोगी करायला पुरतो.

म्हणून तो वर हलवू नका. धुराचा अलार्म छताला असतो कारण गरम धूर वर जातो. प्रोपेनचा अलार्म खालीच, पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर. पाय लागत असेल तर त्याच उंचीवर बाजूला सरकवा, पण पडद्यामागे किंवा सामानामागे नको. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ही तिसरीच वस्तू आहे. तो वायू हवेइतकाच हलका असतो आणि प्रोपेनचा सेन्सर तो ओळखत नाही. तुमच्याकडे तो आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

टेस्टच्या बटणाने फक्त भोंगा, दिवा आणि आतलं सर्किट कळतं. सेन्सरला गॅस कळतो की नाही हे त्यावरून ठरत नाही. यंत्राच्या मागे उत्पादनाची तारीख असते. अशा बहुतेक अलार्मचं आयुष्य ५ ते ७ वर्षांचं असतं. ती तारीख वाचून सांगा.

पुन्हा वाजला तर: एकही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, दिव्याचं नाही आणि पंख्याचंही नाही, इंजिन सुरू करायचं नाही. शेगडी पेटलेली असेल तर विझवा. बाबांना आधी बाहेर काढा, दार उघडं राहू द्या, सिलिंडर बाहेरून बंद करा, फोन लांब जाऊन लावा. अलार्म पूर्ण शांत होईपर्यंत आत जायचं नाही, आणि गळती सापडेपर्यंत सिलिंडर उघडायचा नाही.

गाडी चालताना फ्रिजचं: ज्या गाड्यांत धक्का बसताच गॅस तोडणारा रेग्युलेटर आणि नळी फुटल्यास बंद होणारी झडप नाही, तिथे प्रवासात सिलिंडर बंदच ठेवावा. ती सोय असली तरी इंधन भरायला जाण्याआधी सगळ्या ज्योती विझलेल्या हव्यात.

व्होल्टमीटर

निळीज्योत यांच्याशी सहमत, फक्त एक शक्यता जोडतो. या अलार्ममधले सेन्सर बहुधा टिन ऑक्साइडचे असतात. तापवलेल्या टिन ऑक्साइडला प्रोपेनच कळतो असं नाही. हायड्रोजन, स्पिरिट, हेअर स्प्रे, रंगाचा थिनर, सगळ्याला तो प्रतिसाद देतो. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला जास्त व्होल्टेज मिळालं की ती हायड्रोजन सोडते. बॅटरी पलंगाखाली असेल आणि तिची वायूची नळी बाहेर काढलेली नसेल तर तो हायड्रोजन आतच फिरतो. अशा बॅटरीला कधी कधी सडक्या अंड्यासारखा वासही येतो आणि लोक तो गॅसचा समजतात.

बॅटरी कुठली आहे, कुठे बसवली आहे आणि चार्जिंग चालू असताना किती व्होल्ट दिसतात?

रानवाट

सिलिंडर कालच बंद केला. दोघांचेही मनापासून आभार, नवऱ्याने सगळं वाचलं आणि फ्यूजचा विषय संपला.

बॅटरी सीलबंद आहे आणि बाहेरच्या पेटीत आहे, तिचं दार बाहेरूनच उघडतं. चार्जिंगला १३.६ व्होल्ट दिसतात. अलार्मच्या मागची तारीख पाहिली तर त्याला ८ वर्षं होऊन गेलीत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत नाहीच.

आज सिलिंडर थोडाच वेळ उघडून नवरा बाहेरून फ्रिजच्या खालच्या जाळीपाशी गेला. त्याला तिथे पुसट वास आला. लगेच बंद केलं. साबणाचं पाणी लावून आम्हीच शोधू का? आणि अलार्म जुना आहे तर त्याचं ओरडणं कितपत खरं मानायचं?

व्होल्टमीटर

१३.६ आणि सीलबंद, तेही बाहेर. मग बॅटरीचा प्रश्न मिटला. माझा मुद्दा मागे घेतो.

निळीज्योत

बाहेरच्या जाळीपाशी वास आला, मग अलार्मच्या वयावर वाद घालण्यात अर्थ नाही. जुना सेन्सर उगाच ओरडू शकतो आणि गॅस असताना गप्पही बसू शकतो, म्हणून तो बदलायचाच. पण आत्ता त्याच्या बाजूने दुसरा साक्षीदार उभा आहे.

साबणाचं पाणी चांगलं, पण ते जोड जिथे हात आणि डोळा पोचतो तिथेच. भिंतीमागच्या जोडावर बुडबुडे कोण बघणार? आणि अमोनिया असलेलं क्लीनर पितळी जोडांवर कधीही वापरू नका, पितळ त्याने तडकतं. गळती शोधायला मिळणारा खास द्रव घ्या आणि काम झालं की पुसून काढा. काडी पेटवून बघण्याचं तर नावही नको.

मी आधी दाब मोजतो. इंग्रजी यू अक्षरासारख्या वळणाची पारदर्शक नळी घ्यायची, तिच्यात रंगीत पाणी भरायचं आणि एक टोक गॅस लाइनच्या चाचणी जोडाला लावायचं. युरोपातल्या आजच्या कॅरव्हॅनमध्ये लाइनचा दाब ३० मिलिबार असतो, म्हणजे दोन बाजूंच्या पाण्यात साधारण ३० सेंटीमीटरचा फरक पडतो. अमेरिकी गाड्यांत ११ इंच, म्हणजे २८ सेंटीमीटर. मग सिलिंडर बंद करायचा, सगळी उपकरणं बंद करायची, आणि शेगडीचा एक बर्नर क्षणभर उघडून दाब २० सेंटीमीटरच्या जवळ आणायचा. ही पायरी बरेच जण गाळतात. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये जास्त दाबाचा गॅस अडकलेला असतो. दाब उतरवला नाही तर तो गॅस हळूहळू खालच्या लाइनमध्ये येत राहतो आणि छोटी गळती भरून काढतो. पाणी हलत नाही आणि लाइन चांगली आहे असं वाटून माणूस फसतो.

मग थांबायचं. किमान तीन मिनिटं पाणी जागचं हलता कामा नये. मी दहा मिनिटं बघतो, कारण बारीक गळतीला वेळ द्यावा लागतो. उन्हात करू नका. पाइप तापला की आतला गॅस फुगतो आणि उतरणारा दाब झाकला जातो.

तुमच्या गाडीत स्वयंपाकाच्या ओट्याखाली प्रत्येक उपकरणाची वेगळी झडप असेल तर काम सोपं आहे. सगळ्या बंद करून पाहायचं, मग एकेक उघडायची. कोणती उघडल्यावर पाणी उतरतं ते लगेच कळतं.

पण ताई, हे गॅसचं काम येणाऱ्या फिटरकडूनच करून घ्या. मी एवढं सविस्तर यासाठी लिहितोय की तो समोर काय करतोय हे तुम्हाला कळावं. दाब न मोजता नुसता नाक लावून तो म्हणाला की सगळं ठीक आहे, तर दुसरा बोलवा.

मुक्कामपोस्ट

मी वर लिहिलेलं वर हलवण्याचं वाचून कुणी तसं करू नये. कपाटावर अलार्म लावणाऱ्यांना आजच फोन केला, ते काढतायत. एक विचारायचं होतं: रबरी नळी किती वर्षांनी बदलावी?

निळीज्योत

नळीवर तारीख छापलेली असते, तीच प्रमाण. देशोदेशी नियम वेगळे आहेत. जर्मनीत रेग्युलेटर आणि नळी दहा वर्षांनी बदलतात, आणि पूर्ण गॅस लाइनची तपासणी दर दोन वर्षांनी होते. पण तारखेची वाट न पाहता ती हातात घेऊन वाकवा. वळणावर बारीक भेगा दिसल्या की ती गेली असं समजा. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी जी छिद्रं असतात तीही बघा. लोक तिथे चटई, बूट, दोऱ्या कोंबतात. गळलेला गॅस त्या छिद्रांतूनच खाली उतरून जायचा असतो.

रानवाट

फिटर येऊन गेला. तुम्ही लिहिलं तसंच त्याने केलं, यू नळी लावली, बर्नर उघडून दाब उतरवला. सगळ्या झडपा बंद असताना पाणी जागच्या जागी. शेगडी उघडली, हीटर उघडला, काही नाही. फ्रिजची झडप उघडली आणि पाणी डोळ्यांदेखत खाली आलं, मिनिटभरात दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. बाबा समोर खुर्चीवर बसून बघत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त त्या नळीकडे बघत राहिले.

बाहेरची जाळी काढून त्याने जोड उघडला. तांब्याच्या नळीचं टोक जिथे पसरवून नटमध्ये बसवतात, तिथे अर्ध्या घेरापर्यंत बारीक चीर होती. नळीला आधार देणारी क्लिप तुटून खाली पडलेली. गाडी चालताना ती नळी हादरत राहिली आणि तडकली, असं तो म्हणाला. आधीच्या कुणीतरी त्या जोडावर पांढरी टेप गुंडाळली होती. फिटरने तो तुकडा कापून नवा बसवला, दोन नव्या क्लिपा लावल्या, पुन्हा दाब मोजला. दहा मिनिटं पाणी हललं नाही.

आता फ्रिज सुरू करायला हरकत नाही ना?

निळीज्योत

अजून नाही. एक गोष्ट राहिली आहे आणि ती मला गळतीइतकीच महत्त्वाची वाटते.

गळती फ्रिजच्या मागे होती, आणि तो भाग बाहेरच्या बाजूला असतो. फ्रिज गॅसवर चालतो तेव्हा त्याच्या मागे छोटी ज्योत जळत असते. खालच्या जाळीतून हवा आत येते, वरच्या जाळीतून जळलेले वायू बाहेर जातात. राहत्या खोलीपासून हा भाग पूर्ण बंद असायला हवा. तसा असता तर गळलेला प्रोपेन खालच्या जाळीतून बाहेर पडला असता आणि आतला अलार्म वाजलाच नसता. तो वाजला, म्हणजे फ्रिजच्या कडेने किंवा खालून गॅस आत यायला वाट आहे. गळती बंद झाली तरी ती वाट तशीच आहे, आणि त्याच वाटेने ज्योतीचे जळलेले वायू आत येऊ शकतात. बर्नरवर काजळी धरली किंवा हवेचा मार्ग कोंदला की त्यात कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला वास नाही, आणि तुमच्याकडे त्याचा अलार्मही नाही.

बाहेरची जाळी काढा, संध्याकाळी आतले दिवे लावा आणि बाहेरून मागे बघा. जिथून उजेड दिसेल तिथे फट आहे. पाइप आणि वायरी जिथून आत जातात ती भोकं विशेष बघा, तिथे भरलेला फोम सुकून गळून पडतो.

पांढऱ्या टेपबद्दल: पसरवलेल्या टोकाचा जोड धातूवर धातू दाबून बंद होतो. मधे टेप आली की तो नीट बसत नाही. तुमच्या फिटरने ती काढली हे योग्यच केलं.

रानवाट

दादा, उजेड दिसला. फ्रिजच्या मागे तळाशी वायर जाते तिथे दोन बोटं सहज जातील एवढं भोक आहे, आणि डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत फट. नवरा सिलिकॉनची ट्यूब घेऊन तयारच आहे. भरू का?

निळीज्योत

सिलिकॉन नको, निदान अलार्म गाडीत असताना तरी नको. सिलिकॉनच्या वाफा या सेन्सरवर बसल्या की तो बधिर होतो, आणि बटण दाबल्यावर मात्र नेहमीसारखा वाजतो. तुमचा जुना अलार्म तसाही जाणार आहे, पण नवा आणला असेल तर तो अजून खोक्यातून काढू नका.

कडेच्या फटीला फ्रिजच्या कंपनीने सांगितलेली उष्णता सोसणारी पट्टी लावा. वायरीच्या भोकाला न जळणारा, सिलिकॉन नसलेला सीलंट. ज्योतीच्या वरच्या भागात साधा फोम अजिबात भरू नका. भरून झालं की पुन्हा अंधारात उजेड लावून बघा. सीलंट पूर्ण सुकल्यावर आणि गाडी दार-खिडक्या उघडून दिवसभर मोकळी ठेवल्यावर नवा प्रोपेन अलार्म जुन्याच्या जागी, त्याच उंचीवर लावा. त्याला थेट बॅटरीच्या फ्यूजमधून करंट द्या, कुठल्याही दिव्याच्या बटणावर नको, नाहीतर रात्री दिवे बंद केले की तोही बंद. सुरू केल्यावर सेन्सर तापायला काही मिनिटं घेतो, तोवर दिवा कसा दिसतो ते पुस्तिकेत पाहा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाबांच्या बाकाजवळ, झोपल्यावर डोकं येतं त्या उंचीच्या आसपास लावा.

एवढं झालं की सिलिंडर उघडा आणि फ्रिज पेटवा. पहिल्या रात्री वरची छोटी खिडकी बोटभर उघडी ठेवा, आणि सकाळी इथे लिहा काय झालं ते.